दुमेझ्वेनीचं परतीचं तिकीट

२ सप्टेंबर १९७४, सोमवार

चौकीवर सही करून आलो. दर सोमवारची ही वारी आता अंगवळणी पडली आहे. जाड्या सार्जंट पाव चावत बसला होता. "आठवड्यात कुणाकुणाला भेटलास?" म्हणाला. म्हटलं, "एका वेळी एकालाच भेटतो साहेब, तुमच्याच हुकुमाप्रमाणे. पण एक शंका आहे. मेलेला माणूस मोजायचा की नाही?" त्यानं चावणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं. आमच्या थट्टा त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत.

पाच वर्षं पाइनटाउनच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. कापडगिरणीच्या आसपास फिरकायचं नाही. एकाहून जास्त माणसांत बसायचं नाही. हे सगळं मला का, तर म्हणे मी दुमेझ्वेनी शांगासेचा मित्र. नुसता मित्र! ऐकून हसावं की रडावं? गेल्या वर्षी संपाच्या सकाळी भारतीयांचं खातं आणि आमचं, काळ्यांचं खातं, मधे पक्की भिंत, दोन्हीकडचे साचे एका दमात बंद पडले आणि दोन्हीकडची माणसं एकाच फाटकातून बाहेर आली. तोवर भारतीयांचं फाटक वेगळं, आमचं वेगळं. ते साचे बंद केले मी. मुख्य फ्यूज काढून खिशात टाकले आणि शीळ घालत बाहेर आलो. कागदावर मी फिटर नाहीच. फिटर गोरा, आणि मी त्याचा पोऱ्या. वय वर्षं एकावन्न. पोऱ्यावर कोण संशय घेणार?

दुमेझ्वेनीला धरून जोहान्सबर्गला नेलं. मला हा बंदीहुकमाचा एक कागद. इतका किरकोळ समजले मला. खरं सांगायचं तर हे अजून डाचतं.

ही वही तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. माझं अक्षर माझं मला लागत नाही, पोलिसांना काय लागणार?

६ सप्टेंबर

फाटकाच्या कडीला तेल घातलं. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, की थोड्या वेळानं ती आपोआप उचलली जाते आणि खाली पडते. खट्. कोणी आत येत नाही. कुत्रं शेपूट हलवत फाटकापर्यंत धावतं, थोडा वेळ उभं राहतं, मग तिथंच बसून राहतं. एप्रिलमध्ये दुमेझ्वेनीची पेटी आली, तेव्हापासून ते रात्री घरात येत नाही.

घर दुमेझ्वेनीचं, मी परसातल्या खोलीत भाड्यानं राहतो. त्याची बायको मागुमेडे (माहेर गुमेडेंचं, म्हणून सगळे तिला तेच म्हणतात) आवाज झाला की हातातलं काम सोडून दाराकडे बघते. मी तिला समजावलं, "कडी झिजली आहे, वारा सुटला की उचलते."

ती म्हणाली, "वारा भोंगा ऐकून सुटतो का, भावजी?"

म्हणून तेल घातलं.

७ सप्टेंबर

तेल घातलं तरी वाजली. उलट आता जास्त अलगद वाजते.

११ सप्टेंबर

दुमेझ्वेनीची आत्या न्द्वेद्वेहून आली. ऐंशीच्या घरातली बाई, दिसतं कमी, पण जीभ कात्रीसारखी. तपकीर ओढली, चार वेळा शिंकली आणि मला हाक मारली. मागुमेडेला मुद्दाम बाहेर पाठवलं, कारण कायद्यानं मी दोघींत बसू शकत नाही. म्हातारीला कायदा पाठ आहे.

"पेटी आली," ती म्हणाली. "माणूस आला नाही. पेटी पुरून काय होतं? तो तिथंच आहे, जोहान्सबर्गच्या त्या पोलिसांच्या इमारतीत. संध्याकाळ झाली की घराकडे निघतो, फाटकापर्यंत येतो आणि परत जातो. त्याला कोणी आणायला गेलंच नाही, तर आत कसा येईल?"

"त्याचे भाऊ आहेत की दोन."

"आहेत. थोरला म्हणतो, राजकारणातलं भूत मला नको. धाकटा म्हणतो, पायाला गळू झालं. गळू! तूही शांगासेच ना? मग तूही भाऊच."

म्हटलं, "आत्या, मी या गोष्टी मानत नाही. शिवाय हद्द ओलांडली तर मला तुरुंगात टाकतील."

"मानत नाहीस तर बरंच," म्हातारी म्हणाली. "भीती वाटणार नाही."

१२ सप्टेंबर

माझं डोकं फिरलं आहे. दिवसभर एकाचं शिवणयंत्र दुरुस्त करत होतो, सुई उलटी बसवली. त्या म्हातारीला काय जातं बोलायला!

दुमेझ्वेनी जिन्यावरून पडला असं साहेबांनी लिहून दिलं. आमच्या युनियनची सभा गच्चीवर व्हायची तेव्हा तो लोखंडी शिडीवरून हातात किटली घेऊन चढायचा. थेंब सांडत नसे. जिन्यावरून पडला म्हणे.

१४ सप्टेंबर

कनगम्मा पकिरी स्टोव्ह दुरुस्तीला म्हणून आली. ती भारतीयांच्या खात्यातली, सूत गुंडाळते. दुमेझ्वेनीनं दोन्हीकडच्या बायका एका युनियनमध्ये आणल्या त्या तिच्या जिवावर. कायदा म्हणतो, भारतीयांना युनियन करता येते, काळ्यांना येत नाही. आणि काळे बरोबर घेतले तर भारतीयांचीही मोडीत. कंपनीनं आता जेवणाच्या शेडमध्ये लाकडी कठडा घातला आहे. इकडे तुम्ही, तिकडे आम्ही.

"अल्फियसभाऊ," ती स्टोव्हकडे बघतच बोलली, "जोहान्सबर्गचा एक माणूस सुटून आला. तो दुमेझ्वेनीच्या शेजारच्या कोठडीत होता. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं म्हणे. ते फक्त एकच विचारत होते. साचे कुणी थांबवले? एवढं एकच नाव दे आणि घरी जा. रोज तेच."

"मग?"

"मग काय? त्यानं मिठाची गुळणी धरली होती."

कनगम्मा माझ्याकडे फार वेळ बघत राहिली. तिला वाटलं असावं मी रडेन. मला राग आला होता, पोलिसांचा. इतके मूर्ख! कुणा शिकलेल्या भारतीय वायरमनला शोधत असणार. मला एकदा विचारलं असतं, तर मी टेबलावर फ्यूज ठेवून सांगितलं असतं. मला कोणी विचारलंच नाही.

"बर्नर साफ केला," मी म्हटलं. "आता चांगला पेटेल."

ती स्टोव्ह घेऊन गेली. विचित्र बाई आहे.

१७ सप्टेंबर

आज कडी वाजल्यावर मागुमेडे फाटकापर्यंत गेली. रिकाम्या रस्त्याला म्हणाली, "अहो, या ना आत. जेवण झालंय." थोडा वेळ वाट पाहिली आणि परत आली. तिच्या चालण्याचा आवाज मला परसात ऐकू आला. तसा आवाज रोज ऐकायची माझी तयारी नाही.

जातो. मानत नाही, पण जातो. सोमवारी सही, पुढच्या सोमवारी सही. मधे शनिवार-रविवार मोकळा आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

१९ सप्टेंबर

आत्यानं ओढ्याकाठच्या रानबोरीची फांदी तोडून आणली. स्वतः गेली, चाचपडत. हातावर ओरखडे. तिनं मला काटे दाखवले: जोडीजोडीनं येतात, एक सरळ, एक मागे वळलेला. "सरळ काटा सांगतो कुठं जायचं," म्हणाली, "वाकडा सांगतो कुठून आलो."

मग नियम सांगितले. जिथं माणूस मेला तिथं फांदी टेकवायची, कुळाची नावं घ्यायची आणि घरी चल म्हणायचं. तिथून पुढे तो फांदीवर. त्याला तिकीट काढायचं, जागा द्यायची. घरी पूर्वजांच्या जागेवर फांदी ठेवेपर्यंत जिवंत माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. पण त्याच्याशी बोलायचं. वळण आलं, सांग. गाडी बदलली, सांग. "आणि नदी आली की मोठ्यानं सांग. पाणी ओलांडताना न सांगता गेलास तर तो अलीकडच्याच काठावर राहील."

"आणि पोलिसांनी विचारलं तर?"

"त्यानं उत्तर दिलं होतं का?"

या म्हातारीपुढे बोलायची सोय नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

परत आलो. कोणाला कळलं नाही. सगळं लिहून ठेवतो.

शुक्रवारी डर्बनच्या स्टेशनवर आमच्या खिडकीशी दोन परतीची तिकिटं मागितली. येताना बोलता येणार नव्हतं ना. "दुसरा कुठाय?" खिडकीतला म्हणाला. "येताना असेल," म्हटलं.

जोहान्सबर्गची ती इमारत मला उंच वाटली होती. तशी नाही. साधीच आहे, खिडक्यांना जाळ्या, पुढे पोलिसांच्या गाड्या. पुढून जायची सोय नव्हती. मागच्या गल्लीत एक लोखंडी दार उघडं होतं. आत सिमेंटचा जिना, आणि आमच्यातली एक म्हातारी पायऱ्या धूत होती. तिनं फांदी पाहिली. बादली उचलून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून भिंत पुसायला लागली. भिंतीवर काहीच नव्हतं पुसायला.

मी खालच्या पायरीवर फांदी टेकवली. कुळाची नावं घ्यायला लागलो. इतक्या सभांत बोललो, आणि तिथं कुजबुज निघेना. शेवटी कशीबशी नावं घेऊन म्हटलं, "दुमेझ्वेनी, मी अल्फियस. चल बाबा, घरी चल. मागुमेडे जेवण घेऊन बसली आहे."

काही झालं नाही. फांदी जड झाली, गार वारा आला, असलं काही नाही. पायरी ओली होती, गुडघा भिजला. एवढंच.

मग दिवसभर त्याला शहर सांगत हिंडलो. "हे डावीकडचं वळण. हा रस्ता ओलांडायचाय, मोटार जाऊ दे." जिवंतपणी तो मला कधी बोलू द्यायचा नाही, सगळं स्वतःच बोलायचा. काल पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं.

फलाटावर आमच्या टोकाला बाक नव्हता. गोऱ्यांचा होता, पाटीसकट, रिकामा. हा बाक बघितला की दुमेझ्वेनी दर वेळी म्हणायचा, "अल्फी, एकदा बसायचंय बघ. काय वेगळं लाकूड आहे ते बघायचंय." मला काय सुचलं कोण जाणे, फांदी त्या बाकावर ठेवली आणि म्हटलं, "बस." मी मात्र शेजारी उभा राहिलो. बंदी माझ्यावर आहे; त्याची उठली.

रेल्वेचा गोरा सार्जंट आला, मागे आमचा एक हवालदार. "हे झुडूप कुणाचं?" सार्जंट खेकसला. "ए, तुला विचारतोय. पास दाखव. नाव काय?"

पास दाखवला असता तर बंदी कळली असती. तोंड उघडलं असतं तर सगळीच मेहनत वाया. मी फांदीकडे बघत राहिलो. त्यानं मला छातीवर धक्का दिला, पाठ खांबावर आपटली. तेव्हा हवालदाराची नजर काट्यांवर गेली. चाळिशीचा माणूस, गालावर व्रण. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"मुका आहे, साहेब," तो म्हणाला. "येतो इथं कधी कधी. डोकं ठिकाणावर नाही."

"मग खुणेनं सांग त्याला, उचल म्हणावं."

हवालदार माझ्याकडे वळलाच नाही. तो बाकापाशी गेला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि आमच्या भाषेत फांदीला म्हणाला, "बाबा, गाडी येतेय. चला आता."

मी फांदी उचलली. "ऐकलंस ना," ओठांतच पुटपुटलो, "गाडी आली." सार्जंट हसत पुढे गेला. हवालदार हसला नाही. त्याचं नावही मला माहीत नाही आणि विचारता येणार नव्हतं.

तिसऱ्या वर्गात ही गर्दी. माणसं पायावर पाय ठेवून उभी. मी खिडकीजवळ बसलो, शेजारी फांदी. एका बाईनं टोपलं ठेवायला जागा बघितली, काटे दिसले, आणि तिनं टोपलं डोक्यावरच ठेवलं. पोरं कडेवर घेऊन बायका उभ्या, आणि ती एक जागा रिकामी. गोरा तिकीट तपासनीस आला. मी दोन तिकिटं दिली. "दुसरा कुठाय?" मी गप्प. टोपलीवाली म्हणाली, "बसलाय की, साहेब." त्यानं रिकाम्या जागेकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि दोन्ही तिकिटांना भोक पाडलं.

तिनं मला वाफेवरच्या पावाचा तुकडा दिला, आणि एक फांदीपुढे ठेवला.

सकाळी घरी पोचलो. फाटक सांगितलं, दार सांगितलं, मागच्या भिंतीशी फांदी ठेवली. आत्यानं बोकड कापायला लावला, ज्वारीची बिअर शिंपडली. गल्ली भरून माणसं आली, गिरणीतल्या बायकाही, कनगम्मा चार-पाच जणींना घेऊन. मी माझ्या खोलीत बसलो, जमावबंदी. आत्या तेवढी आली.

"नदीला सांगितलंस?"

"हो," म्हटलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

सही केली. सार्जंट म्हणाला, "थकलेला दिसतोस." म्हटलं, "वय झालं, साहेब."

संध्याकाळी भोंगा झाला. खट्.

२६ सप्टेंबर

रोज वाजते आहे.

लिहून टाकतो. लेडीस्मिथच्या आधीच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि गाडी एस्टकोर्टला उभी होती. तुगेला कोलेन्झोपाशी येते, म्हणजे ती कधीच मागे गेली. आठवड्याची झोप नव्हती, शेजारी तो होता, सुरक्षित वाटलं आणि झोपलो. नदीला सांगितलं नाही. माणूस पलीकडे राहिला असेल तर आम्ही बोकड कुणासाठी कापला?

पण मी तर मानतच नाही. मग हा घोर कशाचा?

३० सप्टेंबर

मागुमेडे आज आपणहून बोलली. कपडे वाळत घालत होती, माझ्याकडे न बघता.

"भावजी, तुम्ही आणलंत. तुमच्याकडून काही राहिलं नाही. माझ्यातच खोट असणार. त्यांना पकडून नेलं त्या सकाळी मी भांडले होते. म्हटलं होतं, युनियनशीच लग्न करायचं होतं, मला कशाला आणलंत? ते मनात धरून बसलेत. म्हणून फाटकातून परत जातात."

मी तिथं उभा होतो, हातात पाना घेऊन. एक वाक्य बोललो असतो तर तिचं ओझं उतरलं असतं. "वहिनी, मी झोपलो." चार शब्दसुद्धा नाहीत. नाही बोललो. भेकड आहे मी.

१ ऑक्टोबर

आत्यापाशी कबूल केलं. वाटलं, काठी घालेल. तिनं तपकीर ओढली.

"ठाऊक होतं," म्हणाली. "हो म्हणताना तुझा आवाज पातळ झाला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मानत नाहीस ना? मग तुझं तुलाच कळायला हवं होतं."

भिंतीपाशी ठेवलेली फांदी तिनं काढून माझ्या हातात दिली. पानं सुकली होती, काटे तसेच होते. मागुमेडेलाही तिनंच सांगितलं. मागुमेडे माझ्या खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, "या वेळी कॉफीचा थर्मास देते बरोबर." मग चेहरा शालीत घालून रडली. मीही.

४ ऑक्टोबर

उद्या निघतो. कोलेन्झोपर्यंतच. गोष्ट साधी आहे: नदीच्या पलीकडच्या काठाला जायचं, फांदी टेकवायची, त्याला घेऊन पूल ओलांडायचा. या खेपेला पकडतील असं वाटतं. काल समोरच्या वळणावर एक करडी मोटार उभी होती. पकडलं तर तीन वर्षं तरी आत. पण गेलो नाही तर त्या बाईची फाटकावरून परतण्याची ती चाल आयुष्यभर ऐकावी लागेल, आणि तो माणूस माझ्या झोपेपायी नदीकाठी उभा राहील.

कनगम्मा येऊन गेली. जेवणाच्या शेडमध्ये बायकांनी कठड्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून डबे कठड्यावरच मांडले आणि तिथंच जेवल्या म्हणे. कंपनीनंच टेबल करून दिलं, असं म्हणून हसली. दुमेझ्वेनीला हे नदीवर सांगेन.

९ ऑक्टोबर, बुधवार

काल संध्याकाळी जामिनावर सोडलं. कनगम्माच्या भावानं हमी दिली.

नदीवर सगळं नीट झालं. पाणी कमी होतं, वाळूत गुरांची पावलं. मी पलीकडच्या काठावर फांदी टेकवली आणि मोठ्यानं म्हटलं, "दुमेझ्वेनी, मी झोपलो होतो. माफ कर. आता ही तुगेला. उठ, पूल ओलांडायचाय." गुराखी बघत होते. पुलावर प्रत्येक खांबाला सांगत आलो. कठड्याची गोष्ट सांगितली. गाडीत डोळ्याला डोळा लागू दिला नाही. मागुमेडेची कॉफी कडू होती, बरं झालं.

रविवारी दुपारी गल्लीच्या वळणावर आलो आणि दिसलं, ती करडी मोटार आमच्या फाटकाशीच उभी. दोन गोरे साध्या कपड्यांत. पळून जाता आलं असतं. पण त्याला सोडून कुठं जाणार? चालत राहिलो.

"अल्फियस शांगासे? कुठून आलास? कोण होतं बरोबर?"

मी गप्प. एकानं दंड धरला. मागुमेडे दारातून धावत फाटकापर्यंत आली होती, मधे फाटक. मी फांदीला म्हटलं, "दुमेझ्वेनी, हे तुझं फाटक. मला हे लोक नेतायत, तू थांबू नकोस. मागुमेडे उभी आहे, तिच्याबरोबर आत जा." आणि फांदी फाटकावरून तिच्या हातात दिली. काटे तिच्या तळहातात रुतले असणार. ती हूं की चूं न करता वळली आणि घराकडे चालायला लागली. कुत्रं उठलं. तिच्या मागून नाही, तिच्या शेजारून, दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, सरळ दारातून आत गेलं.

कुत्र्यांना भूक लागली की ती आत जातात.

चौकीत आत्याचे नियम संपले होते, तेव्हा बोललो. "कोण होतं बरोबर?" "दुमेझ्वेनी शांगासे. लिहून घ्या." त्यांनी थोडं मारलं. दोघांतला वयस्कर, पांढऱ्या भुवयांचा, तो जोहान्सबर्गहून आला होता. मारत नव्हता, नुसता माझे हात बघत बसला होता. नखांत यंत्रांचं तेल होतं.

"तोही असाच बसला होता," तो म्हणाला. "एकच नाव मागत होतो आम्ही. आता वाटतं, उगाच लांब शोधत होतो. गिरणीत काय काम होतं रे तुझं?"

"पोऱ्या होतो, साहेब," मी म्हटलं.

आणि म्हणता म्हणताच कळलं. कनगम्मा का बघत होती, मला किरकोळ का समजले, मला कुणी का विचारलं नाही. ते रोज माझंच नाव विचारत होते. तो रोज माझंच नाव देत नव्हता. मी इथं रुसून बसलो होतो, मला मोजलं नाही म्हणून. दुमेझ्वेनी, गाढवा, एक शब्द टाकला असतास तर घरी आला असतास. बायको जेवण घेऊन बसली होती.

१३ ऑक्टोबर, रविवार

उद्या कोर्ट. वकील म्हणतो, हद्द ओलांडली हे मान्य कर, एकटा होतास एवढं म्हण, शिक्षा कमी होईल.

मला वेगळंच सुचत होतं. आत्याला म्हटलं, "भर कोर्टात ओरडून सांगतो. साचे मी थांबवले. ज्या नावासाठी मारला ते हे नाव. घ्या."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. "त्यानं मरेपर्यंत जे तोंडात धरून ठेवलं," ती म्हणाली, "ते तू थुंकून टाकणार?"

तिचं बरोबर आहे, आणि ते सोसत नाही. आयुष्यभर मला बोलायचीच सवय. तेव्हा उद्या साच्यांबद्दल अवाक्षर काढणार नाही. पण एकटा होतो असंही म्हणणार नाही. दोघं होतो. शिक्षा वाढली तर वाढू दे.

वही कनगम्मा आज घेऊन जाईल. ती बाहेर मागुमेडेशी बोलते आहे. दोघी हसतायत कशाला तरी. एप्रिलनंतर मागुमेडेला हसताना ऐकलं नव्हतं. कुत्रं चुलीपाशी झोपलं आहे.

मंगळवारपासून मी रोज संध्याकाळी भोंगा झाला की फाटकाकडे कान देऊन बसतो. आजही बसलो, रविवारी भोंगा नसतो तरी. अंधार पडेपर्यंत बसलो. कडी वाजत नाही. तो आत आला आहे, तेच तर हवं होतं सगळ्यांना. मला मात्र करमत नाही.

सकाळी कोर्टात जायच्या आधी ती कडी जरा सैल करून ठेवीन म्हणतो.